कॉइलची रेंज काढून गॅस: कोणी केलंय का?

नमस्कार मंडळी,

ऑगस्टपासून नव्या घरात आहोत. स्वयंपाकघरात इलेक्ट्रिक कॉइलची रेंज (वर शेगड्या, खाली ओव्हन) आहे, तीही नवीकोरी. पण पोळ्या काही धड होत नाहीत. पहिल्या दोन बऱ्या, तिसरीला तवा आपोआप थंड पडतो आणि पोळीचा पापड होतो. मे महिन्यात आई येतेय; तिच्या हाती ही शेगडी देण्याची हिंमत नाही. तळघरातला वॉटर हीटर गॅसवरच आहे, म्हणजे घरात गॅस आहे. दुकानदार म्हणतो, रेंज घ्या, आमची माणसं जोडून देतील. खरंच इतकं सोपं आहे?

र., पिस्कॅटवे, न्यू जर्सी

---

अगं, तवा थंड पडतो तो बिघाड नाही, मेकॅनिक बोलावू नकोस. तेल पेटून घरांना आगी लागतात म्हणून नव्या कॉइलींना यूएल ८५८ या अमेरिकन सुरक्षा-मानकाप्रमाणे तापमानावर लक्ष ठेवणारा सेन्सर असतो. लोखंडी तवा नीट तापला की तो आच तोडतो. तुझ्या पोळीचं त्याला काय!

आम्ही तीन वर्षांपूर्वी गॅस घेतला. रेंज आठवड्यात आली आणि दीड महिना गॅरेजात पडून राहिली, कारण पाईप. सगळे बर्नर आणि ओव्हन मिळून रेंज तासाला साधारण ६५,००० बीटीयू (उष्णतेचं माप) मागते. वॉटर हीटरचे ४०,००० धर, घर तापवणाऱ्या फर्नेसचे ८०,००० ते १ लाख. मीटरपासून येणारा पाईप जितका लांब आणि बारीक, तितका गॅस कमी पोचतो. बेरीज न करता फाटा काढला, तर जानेवारीत फर्नेस सुरू झाली की दुधाखालची ज्योत मान टाकणार. म्हणून प्लंबरला ही बेरीज कागदावर मांडायला सांग. टाऊनशिपचं परमिटही घे. इन्स्पेक्टर पाईपात दाब भरून गेजचा काटा हलत नाही ना ते बघतो, आणि ते भिंत बंद व्हायच्या आत व्हायला हवं. दुकानाची माणसं फक्त शेवटची लवचीक नळी जोडतात. ती नवीच हवी, जुनी पुन्हा वापरायची नाही.

आणखी एक गंमत. गॅसच्या रेंजलाही वीज लागते, ठिणगीला आणि घड्याळाला, पण ती साधी १२० व्होल्टची. मागे तुझं २४० चं थोराड सॉकेट असेल, ते तिला चालणार नाही. ती जुनी लाईन मात्र उपटून टाकू नकोस, टोकं नीट बंद करून राहू दे.

आमचं चुकलं ते चिमणीत. रेंजवरचा मायक्रोवेव्ह हवा ओढायचा आणि जाळीतून परत आमच्याच तोंडावर सोडायचा. कॉइल होती तेव्हा फोडणीचा ठसका तेवढा लागायचा. गॅसची ज्योत मात्र स्वतःच नायट्रोजन डायऑक्साइड सोडते, आणि नीट जळली नाही तर कार्बन मोनॉक्साइडही. शेवटी भिंत फोडून हवा घराबाहेर सोडणारा डक्ट बसवला. तो आधी केला असता तर टाइल्स दोनदा लावाव्या लागल्या नसत्या. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लाव, हे वेगळं सांगायला नको.

काका, एडिसन

---

काकांचा मान राखून: आम्ही उलटे गेलो, गॅसवरून इंडक्शनवर. तुझ्याकडे २४० ची लाईन आहेच. ब्रेकर किती अँपचा ते बघ, ४० किंवा ५० असेल तर बहुधा भिंतीला हात लावायला नको. सपाट बुडाचा लोखंडी तवा उत्तम चालतो. पितळी पातेली आणि अॅल्युमिनियमची कढई मात्र माळ्यावर गेली, आणि वांगं आम्ही अंगणातल्या ग्रिलवर भाजतो. पुण्याहून इंडक्शन शेगडी आणायचा विचार असेल तर नको, ती २३० व्होल्टची असते, इथल्या साध्या १२० च्या सॉकेटवर चालत नाही.

स., फ्रँकलिन पार्क

---

यांच्याच मेलवरून मी लिहितेय. पाईप-बिईप सगळं सांगितलं, पोळीचं कोणी सांगितलंच नाही. गॅस घेतलास तरी फुलका सगळ्यात मोठ्या बर्नरवर भाजू नकोस. त्याच्या ज्योतीचं कडं एवढं मोठं असतं की मधे कच्चा राहतो आणि कडा करपतात. मधला बर्नर घे. तोवर आहे त्या कॉइलवर आच पूर्ण ठेवू नकोस, मध्यमवर तवा दहा मिनिटं तापू दे आणि मगच पहिली पोळी टाक. भरीत खावंसं वाटलं तर इकडे ये.

काकू

---

काकू, आज मध्यम आचेवर सात झाल्या, आठवी बिघडली. प्रगती आहे.

मायक्रोवेव्हवर हात धरून पाहिला, वारा तोंडावरच येतो. पण मागची भिंत बाहेरची आहे, त्यामुळे डक्ट निघेल. इंडक्शनचं नवऱ्याला पटलंय, आईला फोनवर पटलेलं नाही. शनिवारी प्लंबर येतोय, निदान बेरीज तरी करून घेते. काका, तेव्हा फोनवर असाल का? मला बीटीयूतलं काही विचारता येणार नाही.

र.