खातं गोठवा, पण कारण तरी सांगा!

कळमन्याचा_अडत्या
नागपूरच्या कळमना मार्केटात माझी संत्र्याची अडत आहे. मृग बहाराच्या हंगामात एका अनोळखी गिऱ्हाइकाने दोन क्रेटचे पैसे यूपीआयने टाकले, आणि काही दिवसांनी अख्खं चालू खातं गोठलं. शेतकऱ्यांचे पैसे त्यातच अडकले. शाखेत एकच उत्तर: 'मनी लाँडरिंगचा विषय आहे, वरून आलंय, सांगता येत नाही.' लेखी तक्रारीवर पोचेचा शिक्का द्यायलाही टाळाटाळ. चोराला धरा, माझी ना नाही. पण माझा पैसा कोणी अडवला हे मला कळायला नको?

काउंटरपलीकडून
भाऊ, बँकेत आयुष्य गेलं म्हणून सांगतो. संशयास्पद व्यवहाराचा अहवाल एफआययूकडे, म्हणजे असे अहवाल तपासणाऱ्या केंद्र सरकारच्या यंत्रणेकडे गेला, तर ग्राहकाला त्याची कुणकुणही लागू द्यायची नाही, असा नियमच आहे. हे नियम कडक का? काळ्या पैशाविरुद्ध देशांना निकष घालून देणारी एफएटीएफ ही आंतरराष्ट्रीय संस्था 1989 साली उभी राहिली, आपण 2010 पासून सदस्य आहोत. पाकिस्तान 2018 ते 2022 तिच्या ग्रे लिस्टमध्ये, म्हणजे कमी पडणाऱ्या देशांच्या देखरेख यादीत होता, बाहेर पडताना त्यांच्या नाकी नऊ आले. ती वेळ आपल्यावर आली तर बांगलादेशला संत्रा पाठवणाऱ्यांचे पैसेही वेळेवर येणार नाहीत.

सिव्हिल_लाइन्सची_वकील
काका, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताय. गुप्तता आहे ती त्या अहवालापुरती, आणि अहवाल गेला म्हणून खातं आपोआप गोठत नाही. भाऊंचं खातं बहुतेक 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरच्या कोणाच्या तरी तक्रारीमुळे अडकलंय. फसवणुकीचा पैसा या खात्यातून त्या खात्यात फिरतो, त्यातलेच दोन क्रेटचे पैसे इथे आले असणार. कोणत्या पोलिसांनी, कोणत्या तक्रार क्रमांकावर, किती रकमेसाठी रोखलं, हे सांगितल्याने कुठली गुप्तता मोडते? केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्येच वादातल्या रकमेपुरतंच रोखा असं म्हटलंय.

काउंटरपलीकडून
पोलिसांनी पूर्ण खातं रोखा म्हणून कळवलं, तर मॅनेजरने काय करावं? पैसा निघून गेला की नोकरी त्याची जाते. आणि पोलिसांच्या आदेशावरून बँकेने जे केलं, त्याची तक्रार रिझर्व्ह बँकेचा लोकपाल घेतच नाही. मग बँकेशी भांडून काय मिळणार?

पेन्शनरची_लेक
केवायसीच्या नावाखाली माझ्या आईचं पेन्शन अडवलं तेव्हाही हेच 'वरून आलंय' ऐकलं. रिझर्व्ह बँकेने जून 2025 मध्ये सांगितलंय की केवायसी नव्याने करायच्या मुदतीआधी तीनदा कळवा, त्यातलं एक तरी पत्राने. आमच्याकडे पत्र आलंच नाही.

सिव्हिल_लाइन्सची_वकील
लोकपालाचं काका बरोबर बोलले. म्हणून भाऊ, तक्रार गोठवण्याविरुद्ध करूच नका. पोलिसांचा तपशील लेखी मागा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर उत्तर न देणं ही बँकेची स्वतःची कसूर, ती घेऊन लोकपालाकडे तक्रार करायच्या सीएमएस पोर्टलवर जा. आणि एफएटीएफचं नाव पुढे करणाऱ्यांनी त्यांचंच फेब्रुवारी 2025 चं म्हणणं वाचावं: उपाय जोखमीच्या प्रमाणात हवा.

काउंटरपलीकडून
तपशील द्यावा, मान्य. खातं लगेच मोकळं करा म्हणाल तर नाही. कॉलेजची पोरं चार पैशांसाठी आपली खाती चोरांना भाड्याने देतात. आणि जिथे रोज अनोळखी लोकांचा पैसा येतो, असं अडत्याचं खातं तर चोराला सगळ्यात सोयीचं.

कळमन्याचा_अडत्या
काका, म्हणूनच तर हिशोबपट्ट्या घेऊन शाखेत गेलो होतो. कोणत्या शेतकऱ्याचा माल, किती क्रेट, काय भाव, सगळं त्यात लिहिलंय. तपासायचंच असेल तर एकाने तरी उघडून पाहायच्या होत्या.