मदत हवी आहे: रुग्णवाहिकेच्या चालकांसाठी लेखी नियम करायचे आहेत, लाल दिवा ओलांडताना जबाबदारी कोणाची?

नमस्कार. वाई परिसरातील आमच्या छोट्या धर्मादाय संस्थेकडे एक रुग्णवाहिका आणि दोन चालक आहेत. गाडी बऱ्याचदा रुग्ण घेऊन पुण्याला जाते, म्हणजे सुरूर फाट्यावर महामार्गाला लागायचे आणि खंबाटकीचा बोगदा ओलांडून खेड शिवापूरमार्गे शहरात शिरायचे. चालकांसाठी लेखी नियमावली करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. ते का आले, हे आधी सांगतो.

मागच्या महिन्यात हृदयविकाराच्या एका रुग्णाला नेताना मी चालकाशेजारी बसलो होतो. शहरातल्या एका चौकात आम्हाला लाल दिवा लागला. सायरन चालू होता. उजवीकडून येणारी एसटी बस आम्हाला पाहून थांबली आणि तिच्या चालकाने काचेआडून ‘जा’ अशी खूणही केली. आम्ही बसच्या तोंडासमोरून पुढे सरकलो, तोच बसच्या पलीकडच्या बाजूने एक स्कूटर आली. तिला हिरवा दिवा होता आणि बस कशासाठी थांबली आहे, हे स्कूटरवरच्या मुलीला दिसणे शक्यच नव्हते. स्कूटर आमच्या दाराला घासून आडवी झाली. तिचे गुडघा खरचटण्यावर निभावले. आमच्या चालकाने करकचून ब्रेक दाबला होता, त्यामुळे मागे रुग्णाजवळ उभ्या असलेल्या परिचारिकेचे डोके मात्र सलाइनच्या हुकावर आपटले आणि तिला तीन टाके पडले.

चालकाचे म्हणणे असे की, सायरन चालू असताना सिग्नल आपल्याला लागू नसतो. संस्थेतील काहींना वाटते की सिग्नल तोडायचाच नाही, असा सरसकट नियम करावा. मला दोन्ही पटत नाही. कायदा नेमकी किती सवलत देतो, अपघात झाल्यास ती सवलत चालकाच्या कितपत कामी येते आणि गाडीत रुग्ण असताना अपघात झाला तर थांबायचे की पुढे जायचे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. नातेवाइकांच्या मोटारी रुग्णवाहिकेच्या मागे चिकटून येतात, त्याचे काय करावे, हेही विचारायचे आहे.

प्रतिसाद १

मी काही वर्षे १०८ च्या गाडीवर पायलट होतो (त्या सेवेत चालकाला पायलटच म्हणतात), म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

वाहन चालवण्याबाबतचे जे केंद्रीय विनियम २०१७ मध्ये आले, त्यांत तातडीच्या कामावरील वाहनांचा अग्रक्रम ठरवून दिलेला आहे. आधी अग्निशमन, मग रुग्णवाहिका, त्यानंतर पोलीस. जीव वाचवण्याची निकड असेल आणि सायरन व दिवे चालू असतील, तर अशा वाहनाला लाल दिवा आणि वेगमर्यादा ओलांडता येते, परंतु ते स्वतःच्या जबाबदारीवर आणि पुरेशी काळजी घेऊन. तुमच्या चालकाने या वाक्याचा पूर्वार्ध ऐकलेला आहे, उत्तरार्ध त्याला कोणी सांगितलेला दिसत नाही. वाट न देणाऱ्यासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ई मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे, हे खरे. पण त्या स्कूटरवरच्या मुलीने तुमची वाट अडवली, असे कोणीही म्हणणार नाही.

तुमच्यासारखे अपघात मी दोनदा जवळून पाहिले आहेत आणि दोन्ही वेळा थांबलेल्या मोठ्या गाडीनेच घात केला. लाल दिव्याला आधी गाडी पूर्ण थांबवावी. मग चौक एकदम पार न करता एकेक रांग पार करावी. बसच्या नाकापर्यंत यावे, पुन्हा थांबावे, पलीकडची रांग मोकळी आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे आणि मगच पुढे सरकावे. बसचालकाची खूण ही फक्त त्याच्या बसपुरती असते. चौकाच्या अलीकडे सायरनचा सूर बदलला की लोकांचे लक्ष लवकर जाते, तरी काचा बंद करून गाणी लावलेल्या मोटारीत तो पोहोचलाच असेल, असे धरून चालू नये.

वेगाबद्दल चालकांना हिशेबच करून दाखवावा. ४० किलोमीटरला ताशी ८० च्या वेगाने ३० मिनिटे लागतात, १०० च्या वेगाने २४. सहा मिनिटे वाचतात, परंतु ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर दीडपटीहून अधिक होते आणि मागे सलाइन लावणाऱ्याला उभे राहणेही अवघड होते. बोगद्यातून बाहेर पडल्यावर उताराची वळणे आहेत. तिथे ही उंच गाडी किती झुकते, ते तुम्ही अनुभवले असेलच.

नातेवाइकांना निघतानाच रुग्णालयाचा पत्ता द्यावा आणि ‘तुम्ही सावकाश या’ असे बजावावे. सवलत रुग्णवाहिकेला आहे, मागच्या मोटारीला नाही. रिकाम्या परतीच्या फेरीत सायरन लावणाऱ्या चालकाला मी तरी कामावर ठेवणार नाही.

प्रतिसाद २

वकिली करतो, म्हणून फक्त अपघातानंतरचे लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे, २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणे आणि विमा कंपनीला माहिती देणे, ही चालकाची कर्तव्ये आहेत. जमावाचा रोष किंवा आवाक्याबाहेरचे अन्य कारण असेल, तर मदतीच्या बाबतीत कायदा सूट देतो. पण ‘आत रुग्ण होता’ एवढे म्हणून निघून जाण्यासाठी तिचा आधार घेऊ नये. गाडी थांबवावी, जखमीसाठी १०८ ला आणि पोलिसांसाठी ११२ ला फोन करावा, सोबतच्या एका माणसाला तिथे ठेवावे आणि मगच रुग्णाला पुढे न्यावे. निष्काळजीपणाने वाहन चालवून मृत्यू घडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते आणि सायरन चालू होता, एवढ्यावर त्यातून सुटका होत नाही. संदर्भपत्र (रुग्णाला पुढच्या रुग्णालयात पाठवताना डॉक्टर देतात ती चिठ्ठी) आणि निघाल्याची वेळ लिहिलेली नोंदवही गाडीत असू द्यावी. कॅमेऱ्याच्या ई-चलानाविरुद्ध तक्रार करतानाही तीच उपयोगी पडते.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. एकेक रांग पार करण्याची पद्धत काल दोन्ही चालकांना अंगणात खडूने चौक आखून आणि बसच्या जागी संस्थेचा टेम्पो उभा करून दाखवली. ज्येष्ठ चालक आधी कुरकुरले, मग टेम्पोच्या नाकाशी थांबून पलीकडे डोकावल्यावर म्हणाले, “इथून तर काहीच दिसत नव्हतं की.” परिचारिकेसाठी पट्टा बसवून घ्यावा म्हणून गाडी तपासायला गेलो, तर मागच्या बाकाला पट्टे होतेच. गादीखाली दुमडून गेले होते, आणि एकाच्या बकलवर कारखान्यातले प्लास्टिक अजून तसेच होते.