मदत हवी आहे: पुण्याची गाडी सोलापुरात नावावर करायचीय

नमस्कार मंडळी. जुळे सोलापूरला राहतो. पुण्यातल्या एका ओळखीच्या काकांची एमएच १२ पासिंगची वॅगन आर घ्यायचं ठरलंय. गाडी चोख आहे, व्यवहारही घरातलाच. घोडं अडलंय ते कागदांवर.

काकांनी कर्ज कधीच फेडलंय, पण आरसीवर बँकेचं नाव अजून तसंच आहे. म्हणजे आधी फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी देऊन बोजा उतरवायचा, मग पुणे आरटीओची एनओसी फॉर्म २८ वर, आणि शेवटी २९ व ३० भरून इथे एमएच १३ च्या हद्दीत नावावर करायची, असं मला समजलंय. बोजा उतरवणं आणि एनओसी हे दोन्ही अर्ज एकदमच टाकता येतात का, की नवीन आरसी हातात येईपर्यंत थांबावं लागतं? नुकतं कोणी केलं असेल तर सांगा की.

दुसरं, चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा काढायचा असतो ना, तो सगळ्या फॉर्मवर लागतो का? या गाडीचा नंबर गंजलाय, शेवटचे दोन आकडे नीट उमटतच नाहीत.

लाईट बिल वडिलांच्या नावावर आहे. पत्त्याला माझं आधार पुरेल ना? विम्याचं माहितीये, १४ दिवसांत नावावर करायला अर्ज द्यायचा.

एजंट सगळं करून देतो म्हणतोय, पण त्याचा आकडा ऐकून स्वतःच करावं म्हणतोय. काका पुढच्या महिन्यात मुलाकडे परदेशी चाललेत, सह्या त्याआधीच घ्यायच्यात.