बायोकेमिस्ट्रीत पीएच.डी.: एका प्रथिनामागे उमेदीची वर्षं घालवावीत का?

कुर्टीकर (धागाकर्ता)
पुतणी एम.एस्सी. बायोकेमिस्ट्री झाली, नेट देऊन जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिपही मिळवली. वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलची नोकरी समोर आहे, पण बाईंना पीएच.डी.च करायची आहे. विषय काय, तर जी-६-पीडी नावाचं एक एंझाइम (पेशीतली रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) आणि त्याचे भारतात आढळणारे सदोष प्रकार. घरात दोन तट पडलेत आणि मी उघडपणे विरोधी पक्षात आहे.

पहिलं म्हणजे, प्रथिनांची रचना आता संगणक सांगतो. ती ओळखणाऱ्या अल्फाफोल्ड या प्रोग्रामच्या निर्मात्यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला, वीस कोटींहून अधिक प्रथिनांच्या अंदाजित रचना फुकट उपलब्ध आहेत. मग ताळगांवच्या पठारावर विद्यापीठात बसून एकेक प्रथिन शुद्ध करत बसायचं कशाला? दुसरं, फेलोशिप महिना ३७,०००, दोन वर्षांनी ४२,०००. आकडा वाईट नाही, पण वेळेवर जमा होते का हे कुठल्याही स्कॉलरला विचारा. डिग्री हातात येईपर्यंत तिशी, पुढे पोस्टडॉक, आणि गोव्यात कायम जागा किती निघतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिसरं, सरकारी पैसाच घालवायचा तर काणकोणातल्या मूत्रपिंडाच्या आजारावर घाला, सत्तरीतल्या माकडतापावर घाला.

पुतणी हे वाचणार आहे, तेव्हा मोकळेपणाने लिहा.

आगशीचं वांगं
काका, शेवटच्या दोन मुद्द्यांवर भांडत नाही. पहिला मात्र साफ चुकलाय.

अल्फाफोल्ड घडी सांगतं. ते प्रथिन किती वेगाने काम करतं, किती दिवस टिकतं, ३७ अंशांवर तग धरतं की घडी उलगडून निकामी होतं, हे सांगत नाही. एक अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतली एक कडी, बदललं तर काय बिघडेल, याचा तर त्यावरून भरवसाच धरता येत नाही. सिकलसेलचं बघा. हिमोग्लोबिनमधल्या बीटा ग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येतं, एवढाच फरक. एकट्या रेणूची घडी जवळपास तशीच राहते. बिघडतं ते असं, की ऑक्सिजन सोडल्यावर हे रेणू एकमेकांना चिकटून लांब धागे तयार करतात. पॉलिंगने १९४९ मध्ये याला रेणूचा आजार म्हटलं ते यासाठीच.

आता तुमच्या पुतणीचं एंझाइम. तांबड्या पेशीत मायटोकाँड्रिया (पेशीची ऊर्जाकेंद्रं) नाहीत, त्यामुळे पेशीच्या बचावाला लागणारा एनएडीपीएच हा रेणू बनवायची वाट एकच, आणि तिच्या तोंडाशी जी-६-पीडी बसलेलं. ते कमी पडलं की पेशीला जपणारं ग्लुटाथायोन पूर्ववत होत नाही, आणि प्रायमाक्विनसारखं हिवतापावरचं औषध पोटात गेलं की पेशी फुटायला लागतात. शिवाय तांबड्या पेशीत केंद्रक नाही, म्हणजे नवं प्रथिन बनवायची सोयही नाही. जन्माला येताना मिळालेलं एंझाइम सुमारे १२० दिवस पुरवायचं. म्हणून एखाद्या प्रकारात एंझाइम मंद झालंय की लवकर मरतंय, हा प्रश्न महत्त्वाचा. दोन्हींचा निकाल रिपोर्टवर सारखाच दिसतो, उपाय वेगळा. आपल्याकडे केरळ-कल्याण नावाचा प्रकार आहे. आधी केरळ आणि कल्याण असे दोन वेगळे समजले जायचे, डीएनए वाचल्यावर एकच निघाले. ३१७ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन, म्हणजे ऋण भाराच्या जागी थेट धन भार. याचा परिणाम प्रथिन हातात घेऊन मोजल्याशिवाय कळणार कसा?

बांबोळी कॅज्युअल्टी
मी डॉक्टर आहे, संशोधक नाही, तेव्हा उलट बाजूने बोलतो. वायवॅक्स मलेरियाच्या पेशंटला १४ दिवस प्रायमाक्विन द्यायचं असतं. मला एकच प्रश्न पडतो: देऊ की नको? हो किंवा नाही सांगणारी स्वस्त चाचणी द्या, ३१७ वी जागा तुमच्याजवळ ठेवा. त्यात गोव्यात हिवताप आता पूर्वीसारखा राहिलेला नाही, दिसतो तो बराचसा बांधकामावरच्या मजुरांत. कुर्टीकरांचा तिसरा मुद्दा मला पटतो.

आगशीचं वांगं
डॉक्टर, हो-नाहीवाली चाचणीच कुठे फसते ते तुम्हीच रोज पाहत असाल. रक्तपेशी फुटून पेशंट आत आला की म्हाताऱ्या पेशी आधीच गेलेल्या असतात, उरलेल्या कोवळ्या, त्यांच्यात एंझाइम भरपूर. रिपोर्ट नॉर्मल येतो. दुसरं, हे जनुक एक्स गुणसूत्रावर. ज्या बाईत एक प्रत चांगली आणि एक सदोष, तिच्या साधारण निम्म्या पेशी ठीक, बाकीच्या नाहीत. फ्लुओरेसंट स्पॉट ही हो-नाहीवाली चाचणी एंझाइमचं काम नॉर्मलच्या साधारण ३० टक्क्यांखाली असलेलेच पकडते. टाफेनोक्विन हे २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झालेलं वायवॅक्सवरचं एका डोसाचं औषध एंझाइमचं काम ७० टक्क्यांवर असल्याशिवाय देता येत नाही. मधल्या पट्ट्यातल्या बायकांचं काय? ही रेघ कुठे ओढायची हे एंझाइमची गती मोजणारेच ठरवतात.

बांबोळी कॅज्युअल्टी
फुटलेल्या पेशींचा मुद्दा मान्य, म्हणूनच आम्ही तीनेक महिन्यांनी परत तपासायला सांगतो. मजूर तोवर दुसऱ्या साइटवर गेलेला असतो, ती गोष्ट वेगळी. पण एंझाइमची गती मोजायला आधीच ठरलेली किटं आहेत. पीएच.डी. कशाला?

निवृत्त मास्तर, डिचोली
बायोकेमिस्ट कमला सोहोनींचं नाव अजून कुणी कसं घेतलं नाही? १९३३ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत बाई म्हणून नाकारलं, त्यांनी हट्टाने प्रवेश मिळवला. पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतलं सायटोक्रोम सी हे श्वसनातलं प्रथिन शोधलं आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. बटाट्यातल्या प्रथिनाचा त्या वेळी कुणाला काय उपयोग होता, कुर्टीकर?

कुर्टीकर
मास्तर, तुम्ही माझाच साक्षीदार उभा केलात. त्याच सोहोनीबाईंनी परत आल्यावर मुंबईत नीरा, कडधान्यं यांच्या पोषणमूल्यांवर काम केलं. इथल्या माणसाच्या ताटात आणि पेल्यात काय आहे ते पाहिलं. मी हेच म्हणतोय!

निवृत्त मास्तर, डिचोली
आणि नीरेत काय तपासायचं, कसं तपासायचं, ते त्या बटाट्याने शिकवलं नव्हतं?

तिसऱ्यो-खुबे
तालुका बघून विषय निवडायचा ही कल्पनाच मला मुळात धोक्याची वाटते. फिलिपिन्सच्या बाल्डोमेरो ऑलिव्हेरांची गोष्ट घ्या. अमेरिकेत डीएनएवर काम करून मायदेशी परतले, तर प्रयोगशाळेत त्या कामाची यंत्रंच नव्हती. मग जे हाताशी होतं ते घेतलं: समुद्रातल्या विषारी शंकूगोगलगायी. त्या विषातल्या पेप्टाइडांतून, म्हणजे अमिनो आम्लांच्या लहान साखळ्यांतून, पुढे झिकोनोटाइड हे औषध आलं. २५ अमिनो आम्लांचा तुकडा, मज्जातंतूतली विशिष्ट कॅल्शियम वाहिनी बंद करतो. २००४ मध्ये अमेरिकेत तीव्र वेदनांसाठी मान्यता मिळाली. मणक्यातल्या द्रवात सोडावं लागतं, त्यामुळे सगळ्यांसाठी नाही, पण मॉर्फिनने भागत नाही तिथे उपयोगी पडतं. दोनापावलाला १९६६ पासून समुद्रविज्ञान संस्था असलेल्या गोव्याला हे सांगावं लागतं, याचं नवल वाटतं. त्या वेळी कुणी ऑलिव्हेरांना म्हटलं असतं, आधी मनिलाच्या तापावर काम करा, तर?

कुर्टीकर
म्हणजे तुम्हीही हाताशी असलेलंच घ्या म्हणताय. फक्त गोगलगाय. :)
बाकी, एका ऑलिव्हेरांमागे किती जणांचे विषय कपाटात पडून राहिले, ते कुणी लिहीत नाही.

सध्या_पाचवं_वर्ष
विषयावर नाही, रोजच्या कामावर लिहिते, कारण पुतणी वाचतेय म्हणालात. प्रथिन जिवाणूत बनवायला घेतलं की नव्वद टक्के वेळा ते गोळा होऊन तळाशी बसतं. मग तापमान १८ अंशांवर आणा, रात्रभर हलवत ठेवा, प्रथिनाला जोडलेला टॅग (ते वेगळं काढायला लावलेला तुकडा) बदला, जिवाणूचा दुसरा स्ट्रेन घ्या. जेलवर एकच स्वच्छ पट्टी, म्हणजे प्रथिन शुद्ध झाल्याची खूण, दिसेपर्यंत कधी कधी पूर्ण सत्र जातं. पावसाळ्यात वीज गेली आणि जनरेटर सुरू झाला नाही तर उणे ८० च्या फ्रीझरमधला सगळा साठा गेला. आमच्याकडे झालंय, आणि कुणाला जबाबदार धरायचं ते अजून ठरलेलं नाही. २०२२ च्या यूजीसी नियमांनी थीसिस देण्याआधी पेपर छापायची सक्ती काढली, पण गाइड ती काढत नाहीत. हे सगळं धरूनही मी सोडलेलं नाही. कारण विचाराल तर सांगता येणार नाही.

कुर्टीकर, तुम्ही विचारायला हवं ते वेगळंच आहे. एंझाइमचे सदोष प्रकार कुठून घेणार? कृत्रिम जनुक मागवून फक्त जिवाणूत बनवलेलं प्रथिन अभ्यासणार, की पेशंटच्या रक्तातल्या एंझाइमशी ताडून पाहणार? पहिलं सोपं, पण त्यावर डॉक्टरांचा आक्षेप शंभर टक्के लागू होतो.

आगशीचं वांगं
सहमत. आणि डॉक्टरांच्या 'पीएच.डी. कशाला'चं उत्तर राहिलं होतं. किट गती मोजतं, कारण सांगत नाही. या एंझाइमच्या दोन प्रती जोडी करून काम करतात, जोडी सैल झाली की ते लवकर संपतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने एजी-१ नावाचा छोटा रेणू दाखवला. कँटन नावाच्या सदोष प्रकारातल्या एंझाइमला तो आधार देतो आणि त्याचं काम सुधारतो. औषध अजून झालेलं नाही. पण केरळ-कल्याणवर तो चालतो का, हा प्रश्न भारतात कुणी तरी विचारायला हवा ना?

कुर्टीकर
नोकरीबद्दलचं माझं मत तसंच आहे. पुतणीला विचारलं, म्हणाली, रक्ताचे नमुने घेण्याचं गाइडच्या मनात आहे, पण इस्पितळाशी अजून बोलणं झालेलं नाही. आता प्रवेशाआधी याबद्दल त्यांना लेखी विचारायला सांगितलंय. तोवर वेर्ण्याच्या कंपनीला नाही म्हणू नकोस, असंही.

बांबोळी कॅज्युअल्टी
नमुने हवे असतील तर एथिक्स कमिटीचा अर्ज पहिल्याच सत्रात टाकायला सांगा. मंजुरीला महिने लागतात, आणि संमतीपत्र कोकणी, हिंदी, कन्नड तिन्हींत हवं. मजुरांपैकी बरेच जण उत्तर कर्नाटकातले असतात. चाचणी कोवळ्या पेशींत फसते म्हणता, तर रेटिक्युलोसाइट काउंटही (कोवळ्या पेशींची मोजणी) प्रत्येक नमुन्याबरोबर लिहून ठेवा. तो आमच्याकडे होतो.