मदत हवी आहे: पाव टक्का महागाई आणि आईची वही

नमस्कार मंडळी,

प्रश्न पैशाचा आहे, पण निमित्त भांडणाचं. आईबाबा साताऱ्याला दोघंच असतात. नोव्हेंबरात टीव्हीवर बातमी लागली, ऑक्टोबर 2025 ची महागाई 0.25 टक्के. बाबा म्हणाले, "बघ, उगाच रडत असतेस." आई काही बोलली नाही. आत गेली आणि हिशेबाची वही आणून त्यांच्या ताटाशेजारी आपटली. (आमटी सांडली.)

ती वही मी काल पूर्ण चाळली. दूधवाल्याचे खाडे, गिरणीचं दळण, सगळं आहे. 2024 च्या गणपतीआधी सोयाबीन तेलाची पिशवी 110 ला, दिवाळीत 140 ला. मध्ये 14 सप्टेंबरला केंद्राने खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं होतं. आईला त्याचा पत्ता नाही, तिने समासात एवढंच लिहिलंय: "चकली अर्धा किलोच." यंदा कांदा, टोमॅटो, तूरडाळ उतरली, तेही प्रामाणिकपणे टिपलंय. पण औषधांचं पान! 2021 मध्ये दोघांचं मिळून महिना 1,900, आता 3,100.

बाबा एमआयडीसीतल्या कंपनीतून 2017 ला निवृत्त झाले. ईपीएस-95 ची (खासगी नोकरदारांना पीएफबरोबर मिळते ती) पेन्शन तेव्हा 2,740, आजही 2,740. तिला महागाई भत्ता नसतो. शेजारचे काका झेडपीचे, भत्ता वाढला की पेढे आणतात. बाबा हल्ली त्यांच्याकडे पेपर वाचायला जात नाहीत.

बाकी घर एफडीच्या व्याजावर. 12 लाखांची एफडी 7.75 ने होती, जानेवारीत सुटतेय. बँक आता 6.75 सांगते, म्हणजे महिन्याला हजार रुपये गेले.

वहीवरून आमच्या घराची महागाई कशी काढू? आणि 12 लाख कुठे ठेवू? शेअर, म्युच्युअल फंड सुचवू नका, बाबा दारातही उभे करणार नाहीत.

प्रतिसाद

ताई, दोघंही बरोबर आहेत. 0.25 ही वर्षभरातली वाढ आहे. ऑक्टोबर 2024 ला हाच दर 6.21 होता. म्हणजे 2023 ला 100 रुपयांत येणारा बाजार 2024 ला 106.21 ला आणि यंदा साधारण साडेएकशेसहाला. चढायचं थांबलं, खाली कुठे आलं? त्यात महागाई मोजायच्या निर्देशांकात 2025 ला खाण्यापिण्याला जवळपास 46 टक्के वजन होतं, आरोग्याला सहाच्या आत. भाजी पडली की आकडा पडतो, तुमचं मेडिकलचं बिल त्याला फारसं दिसत नाही.

हिशेब असा करा: गेल्या ऑक्टोबरातल्या वस्तू, त्याच मापाने, यंदाच्या भावाने मांडा. मापं जुनीच धरा. आईंनी कमी केलेली चकली धरलीत तर त्यांची काटकसर स्वस्ताई म्हणून दिसेल.

एफडीचं म्हणाल तर महागाई उतरली म्हणूनच रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये रेपो (ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो) 6.50 वरून 5.25 वर आणला, मग बँकांनी एफडीचे दरही उतरवले. बाबांना आवडलेल्या बातमीनेच त्यांचं व्याज खाल्लं. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना बघा: 2025 च्या शेवटी 8.2 टक्के, पाच वर्षं, व्याज दर तिमाहीला, ज्या दराने पैसे घालाल तोच शेवटपर्यंत. सगळे 12 मात्र नका अडकवू. मध्येच मोडली तर कपात होते, दवाखान्यापुरते बाहेर ठेवा.

धागाकर्ती

खूप आभार! जुन्या मापाने मांडलं. किराणा-भाजी दीड टक्का उतरली, औषधं 11 टक्के चढली, एकूण 2.8. दोघांना दाखवलं. बाबा म्हणाले, "मग माझंही थोडं बरोबर होतं." आईने वही परत मागून घेतली.

एकच अडलंय. मेडिक्लेमचा हप्ता यात धरलेला नाही, तो वर्षातून एकदाच जातो. सप्टेंबरात त्यावरचा जीएसटी गेला, तरी वयाचा टप्पा बदलल्याने वाढूनच आला. तो बाराने भागून दर महिन्यात घालू, की फक्त त्या महिन्यात?