कवी अलेक्झांडर पोपच्या काळातील इंग्रजी कविता यमकात गुदमरते का?

प्रश्न:
अठराव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांतील इंग्रजी कविता मी गेले काही महिने वाचत आहे. अलेक्झांडर पोपच्या बुद्धीविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु दहा-दहा अक्षरांच्या दोन ओळी, त्यांच्या शेवटी यमक आणि तिथेच पुरे होणारे वाक्य, हा क्रम शेकडो ओळी चालला की माझे लक्ष अर्थावरून उडते आणि नुसता ठेका ऐकू येत राहतो. हा दोष माझ्या वाचनाचा की या द्विपदीचा? शिवाय दरबार आणि लंडनचे साहित्यवर्तुळ यांच्या बाहेरच्या कोणाची कविता त्या काळातून आपल्यापर्यंत पोहोचली आहे का?

प्रतिसाद १:
यमकाकडे कान न देता ओळीच्या मधल्या यतीकडे, म्हणजे विरामाकडे, द्यावा, असे मी सुचवेन. पोप ती यती सतत हलवत ठेवतो आणि तिच्या दोन बाजूंना दोन असमान गोष्टी तोलून धरतो. त्याच्या ‘द रेप ऑफ द लॉक’ या काव्यात राणी ॲन हॅम्प्टन कोर्ट या राजवाड्यात कधी सल्ला घेते, तर कधी चहा, क्रियापद एकच, आणि त्यामुळे राज्यकारभार व चहा एकाच पातळीवर येऊन बसतात. (त्या काळी चहाच्या इंग्रजी शब्दाचा उच्चार ‘टे’ असाही होत असे, म्हणून तिथले यमक आज चुकल्यासारखे वाटते.) हे काव्य 1712 मध्ये दोन सर्गांचे होते, 1714 मध्ये ते पाच सर्गांचे झाले. एका बैठकीत एकच सर्ग, तोही मोठ्याने वाचावा.

प्रतिसाद २:
आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला अधिक जवळचे आहे. विल्टशरमधील शेतमजूर स्टीफन डक याच्या कविता 1730 मध्ये छापल्या गेल्या. ‘द थ्रेशर्स लेबर’ या कवितेत त्याने धान्य झोडपण्याचे काम, त्यातली धूळ आणि घाम यांचे वर्णन केले, ते याच द्विपदीत. राणी कॅरोलाइनने त्याला आश्रय दिला. मात्र गवत वाळवणाऱ्या बायका कामापेक्षा गप्पाच अधिक मारतात, असे त्याने त्या कवितेत सुचवले होते. हॅम्पशरमध्ये धुणे धुणाऱ्या मेरी कॉलियर हिने 1739 मध्ये ‘द वुमन्स लेबर’ लिहून त्याला उत्तर दिले. शेतातून परतल्यावर पुरुष विसावतो, स्त्रीला मात्र चूल आणि मूल चुकत नाही. श्रीमंतांघरी कपडे धुताना हातातून रक्त येते, आणि एवढ्या कष्टांचे मोल सहा किंवा आठ पेन्स, असे ती सांगते. शेवटी मधमाश्या मध गोळा करतात आणि मालक तो घेऊन जातात, ही उपमा येते. पोपच्या हाती तराजू झालेली द्विपदी इथे हिशेबाची वही होते, आणि त्या हिशेबाला डककडे उत्तर असेल असे मला वाटत नाही.

प्रतिसाद ३:
द्विपदीचाच कंटाळा आला असेल, तर जेम्स थॉमसन या स्कॉटिश कवीचे 1726 चे ‘विंटर’ पाहावे. ते निर्यमक आहे. परंतु त्याआधी ॲन फिंच, म्हणजे विंचिल्सीची काउंटेस, हिची 1713 मध्ये प्रसिद्ध झालेली ‘अ नॉक्टर्नल रेव्हरी’ वाचावी, अशी माझी मनापासून विनंती आहे. द्विपदीच्या शेवटी वाक्य संपलेच पाहिजे, हा आपला समज ती पुसून टाकते: पन्नास ओळींच्या या कवितेत ‘अशा रात्री’ या शब्दांनी सुरू झालेले वाक्य यमके ओलांडत पुढे जात राहते. मोकळा सोडलेला घोडा चरत चरत शेजारच्या कुरणातून येतो. त्याची दबकी चाल आणि लांबत जाणारी सावली यांची आपल्याला भीती वाटते, आणि दातांनी गवत तोडल्याचा आवाज कानी पडतो तेव्हाच ती जाते.