कारचं उरलेलं ऑइल बाईकला चालेल का?

वर एकांनी विचारलंय की कारच्या सर्व्हिसिंगमधलं ऑइल उरलंय, ते बाईकमध्ये ओतलं तर काय बिघडतं. बिघडतं! मी हा शहाणपणा करून बसलोय. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासला निघालो होतो, डबलसीट. रेस दिली की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी काही पुढे सरकेना. क्लच स्लिप.

आपल्या बहुतेक बाईकचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, गिअरबॉक्सलाही तेच ऑइल. कारचा साधा क्लच बाहेर, कोरडा. म्हणून कारच्या पातळ ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं घातलेली चालतात. बाईकच्या क्लचप्लेटला मात्र तेच घर्षण हवं असतं. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलचा जपानी मानकाचा शिक्का) बघून घ्या. 'एमबी' असेल तर ते गिअर नसलेल्या स्कूटरचं.

ग्रेड, म्हणजे ऑइल किती जाड-पातळ, मॅन्युअलमध्ये असेल तोच. "आपल्याकडच्या उन्हाला जाड ऑइलच बरं" हे गॅरेजवाल्यांचं ठरलेलं वाक्य. १०डब्ल्यू-३० मागणाऱ्या इंजिनात २०डब्ल्यू-५० घातलं की थंडीत सकाळी गाडी जड आणि अ‍ॅव्हरेज कमी, एवढंच पदरात पडतं.

आणि चेनला जळकं ऑइल फासू नका हो. त्यात धातूचा कीस असतो, वर उसाच्या हंगामात रस्त्यावरची माती बसते. मी ९० नंबरचं गिअर ऑइल लावतो, फिरून आल्यावर चेन कोमट असताना, आतल्या बाजूनं. जादाचं सकाळी फडक्यानं पुसायचं, नाहीतर पँटीवर नक्षी ठरलेली. ओ-रिंगची (सांध्यांत रबरी कडी असलेली) चेन असेल तर पेट्रोलनं धुऊ नका, रबर खराब होतं.